ऐकून घ्यायला लागणारा वेळ

करकेना बेट,
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय नूरी,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. अकरा वर्षं तू रोज माझा आवाज ऐकलास, माझं अक्षर पाहायची वेळ तुझ्यावर एकदाच आली. तिच्याबद्दल पुढे लिहीन. मी शहर सोडलं त्याला आता दहा महिने होतील. तुझे दोन्ही निरोप मला पोचले, ईदला पाठवलेला ऑलिव्हच्या तेलाचा डबाही पोचला. तेल आम्ही वापरतोय, फार छान आहे. उत्तर मात्र मी दिलं नाही. का दिलं नाही ते याच पत्रात येईल, पण एकदम तिथवर जायला माझा हात धजावत नाही, म्हणून आधी इथलं सांगते. कंटाळू नकोस, वाचत राहा.

मी खाला मबरूकाकडे राहते. खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, उंची माझ्या खांद्याएवढी आणि जीभ माझ्या दुप्पट. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोन खोल्या, एक अंगण, अंजिराची तीन झाडं आणि आळसावलेल्या सात कोंबड्या एवढा तिचा संसार. मी आले त्या पहिल्या दिवशी चहा करायला म्हणून गॅस पेटवला, तर तिनं येऊन तो बंद केला. "कोण मेलंय का?" म्हणाली. "अंगणात शेगडी आहे, कोळसा आहे, तुला पाय आहेत. बस तिथे." कोळसा धरायला वीस मिनिटं, चहा तीनदा उकळून काळा व्हायला अर्धा तास. पहिला आठवडा मी त्या शेगडीपुढे अशी बसायचे की जणू कुणी शिक्षा केली आहे. खाला जाता-येता टोमणे मारायची, "शहरातली बाई आहे ही, पाणीसुद्धा पळत पळत पिते." मग कधीतरी, नेमकं कधी ते मलाही कळलं नाही, मला ते बसणं आवडायला लागलं. आता कोळशाचा रंग पाहून चहा कुठवर आलाय ते मी सांगू शकते. सकाळी सातूची भाकरी थापते, एका वेळी एकच, आणि पहिली भाकरी उभ्यानं, तेलात बुडवून खाते. थंडीत दोरीवर वाळत घातलेल्या ऑक्टोपसांखालून ये-जा करते. कपडे वाळताना बघत बसणं हे सुद्धा एक काम असतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. दुपारी झोपते. मी, नूरी! जेवणाची सुट्टी अकरा मिनिटांत संपवणारी मी, दुपारी जमिनीवर चटई टाकून, दार सताड उघडं ठेवून झोपते, आणि उठते तेव्हा ऊन भिंतीवर चार विटा वर सरकलेलं असतं.

हे सगळं वाचून तुला वाटेल, वसीला मजेत आहे. आहेच. खोटं कशाला सांगू? पण त्याच्याबरोबर दुसरं एक आहे. शेगडीपुढे बसलेली असते, वाऱ्यात पुदिन्याचा वास असतो, खाला शेजारणीशी कुणाच्या तरी लग्नावरून भांडत असते, आणि मला वाटतं, किती बरं वाटतंय. असं वाटलं की त्याच क्षणी आतून कुणीतरी आकडे म्हणायला लागतं. एक, दोन, तीन, चाळीसपर्यंत. तुला आठवत असेल, आपल्या रुग्णवाहिकेच्या कचेरीच्या भिंतीवर शेवटच्या दोन वर्षांत ते घड्याळ लावलं होतं, एक फोन चाळीस सेकंदांत संपला पाहिजे म्हणून. चाळीसच्या पुढे गेलं की लाल व्हायचं. ते घड्याळ माझ्या पोटात येऊन बसलंय. दारापुढे मोटार थांबली की मी आतल्या खोलीत जाते. खालाला पहिल्या महिन्यातच संशय आला. "चोरी करून आलीस का?" तिनं कोंबडीची पिसं काढता काढता विचारलं. मी हसले. ती हसली नाही.

इथे हाजी तय्यब नावाचे एक गृहस्थ आहेत, खालाचे मावसभाऊ. आयुष्यभर होडी चालवली, आता उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांचं कुंपण रोवून मासे धरतात. मासे भरतीबरोबर आत येतात, ओहोटीला वाट चुकतात आणि सापळ्यात जाऊन बसतात. हाजींना फक्त जाऊन ते उचलायचे असतात. त्यांचं बोलणंही तसंच. एक शब्द टाकतील, मग दुसऱ्याची वाट पाहत बसतील. खाला म्हणते, "तय्यबनं सलाम घातला की मी भाजी चिरायला घेते, 'अलैकुम' येईपर्यंत शिजून होते." सुरुवातीला मला त्यांच्याशी बोलणं असह्य व्हायचं. त्यांची वाक्यं मीच पुरी करायचे. एकदा ते शांतपणे म्हणाले, "पोरी, तू माझं वाक्य पुरं केलंस. पण मला वेगळंच म्हणायचं होतं." सगळे हसले, मीही हसले. घरी आले आणि दार लावून रडले. का रडले ते खालाला सांगितलं नाही.

आता त्या दिवसाचं लिहिते, कारण तो दिवस आला नसता तर हे पत्रही आलं नसतं.

तीन आठवडे झाले. मार्चमधली सकाळ होती, मोठी ओहोटी. अशा दिवशी समुद्र दीड-दोन किलोमीटर मागे सरकतो आणि गावातल्या बायका तिसऱ्यांचे शिंपले गोळा करायला जातात. वाळूवर एकमेकांशेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी असते. छोटा कोयता घालायचा, उचलायची, बादलीत टाकायची. वाकून चालायचं, घाई केली तर भोकं दिसतच नाहीत. मला ते काम अतिशय आवडतं. त्या दिवशी बाकीच्या बायका पुलाच्या बाजूला गेल्या आणि खाला म्हणाली, "तिकडे गर्दी करून काय मिळणार? आपण आतल्या खोल चरीपलीकडे जाऊ." किनारा आणि बाहेरची पुळण यांच्यामध्ये एक चर आहे. ओहोटीला तिच्यात गुडघाभर पाणी असतं. आम्ही ती ओलांडून गेलो. ऊन कोवळं होतं, बादली अर्धी भरली होती, खाला तिच्या लग्नात नवरदेवाची विजार कशी फाटली ते सांगत होती आणि मी इतकी हसत होते की पोटातलं घड्याळही बंद पडलं होतं.

धुकं आलं ते मला दिसलंच नाही. मान वर केली तेव्हा गाव नव्हतं. मशिदीचा मनोरा नव्हता, किनारा नव्हता, खालाच्या पलीकडे पाच पावलांवर जगच नव्हतं. खालानं बोलणं थांबवलं. नूरी, ती बाई गप्प झाली तेव्हाच मला कळलं की हे साधं नाही. "चल," ती म्हणाली, "माझा हात धर." आम्ही निघालो, आणि शंभरेक पावलांवर ती एका खड्ड्यात गेली. पाय असा मुरगळला की ती खालीच बसली. ओरडली नाही. नुसतं "या रब्बी" म्हणाली, हळूच. मी तिला उठवायला गेले तर पाऊल टेकवत नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या घोट्याला गार काहीतरी लागलं. पाणी फिरलं होतं.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी धावले. "मी माणसं घेऊन येते" असं ओरडत, किनारा आहे असं मला वाटलं त्या दिशेला धावले. तीस-चाळीस पावलं गेले असेन. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग एकदम पोटाला लागलं. चर. ती आधी भरते हे मला लहानपणी इथे यायचे तेव्हापासून माहीत होतं. मागे फिरले तर मागे काहीच नव्हतं, सगळीकडे तेच पांढरं. मी "खाला! खाला!" म्हणून हाका मारल्या आणि उत्तर चहूबाजूंनी आल्यासारखं आलं. जिथे उभी आहे तिथेच मरणार असं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, ती एकटी मरणार असं वाटलं. मग तिचा आवाज आला, रागावलेला. "गाढवे, उभी राहा! हलू नकोस. मी बादली वाजवते, तिच्यावर ये." ती कोयत्यानं बादलीवर ठोकत राहिली, ठण्, ठण्, आणि मी पायानं जमीन चाचपडत तिच्यापर्यंत पोचले. पोचल्यावर तिनं माझ्या दंडावर एक चापट मारली आणि मग तो दंड सोडलाच नाही.

फोन माझ्या डोक्याच्या रुमालात बांधलेला होता. हाजींना लावला. त्यांनी उचलला आणि मी एका दमात सगळं ओतलं: धुकं, पाय, चर, पाणी, लवकर, होडी, लवकर. ते म्हणाले, "थांब." मी किंचाळले, "वेळ नाही!" ते म्हणाले, "वेळ आहे. कमरेला पाणी यायला दीड तास आहे. चुकीच्या जागी आलो तर मात्र नाही. आता मी विचारतो, तू सांग. पायाखाली काय आहे, शेवाळ की वाळू?" वाळू. "आधी शेवाळ होतं?" होतं, चर ओलांडल्यावर. "जुन्या कुंपणाचे खुंट दिसले होते? कुठल्या हाताला?" दिसले होते, डाव्या. "आता अशी उभी राहा की पाणी पोटऱ्यांना मागून लागेल. राहिलीस? आता बोलू नकोस. ऐक. बर्फाच्या कारखान्याचं यंत्र ऐकू येतंय?" मला काहीच ऐकू येत नव्हतं, माझंच रक्त कानांत धडधडत होतं. ते थांबले. कितीतरी वेळ थांबले. माझ्या पोटातल्या घड्याळात चाळीस होऊन गेले, ऐंशी झाले, ते थांबलेलेच. आणि मग लांबून, अगदी बारीक, धक् धक् ऐकू आलं. उजव्या कानाला. "बरं," ते म्हणाले, "मी काय ऐकलं ते सांगतो. शेवाळ संपून वाळू, खुंट डावीकडे, पाणी मागून, कारखाना उजवीकडे. बरोबर?" बरोबर. "काही राहिलं?"

काही राहिलं? नूरी, तुला आठवतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या शिक्षिकेनं हेच दोन शब्द आपल्याला शिकवले होते. ऐकलेलं परत म्हणून दाखवा आणि मग विचारा, काही राहिलं? घड्याळ आल्यापासून मी ते विचारणं सोडून दिलं होतं. त्या प्रश्नाला तीन सेकंद लागतात, आणि उत्तराला किती लागतील ते सांगता येत नाही.

मी म्हणाले, काही नाही राहिलं. फोन बंद केला, रुमालात बांधायला गेले आणि बोटं इतकी बधिर झाली होती की तो पाण्यात पडला.

मग आम्ही वाट पाहिली. मी खालाला कुशीत घेऊन उभी राहिले, ती एका पायावर. पाणी गुडघ्यांना आलं. ती बादली वाजवत होती, दर वीस श्वासांनी एकदा. मला कळत नव्हतं की हाजी आपल्याकडे येतायत की आपल्यापासून लांब चाललेत. फोनच्या पलीकडे बसून मी हजारो माणसांना "गाडी निघाली आहे" असं सांगितलं, पण त्या तीन शब्दांनंतर माणसावर काय गुदरतं ते मला माहीत नव्हतं. प्रत्येक आवाज तोच वाटतो. लाटेचा, पक्ष्याचा, आपल्याच कपड्याचा. आणि प्रत्येक वेळी तो नसतो. पाणी मांड्यांना आलं, थंडीनं खालाचे दात वाजायला लागले. ती मला धीर द्यायला म्हणून या तिसऱ्यांचं काय करायचं ते सांगत होती, लसूण किती, टोमॅटो किती, आणि सांगता सांगता तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. तेव्हा मी घाबरून तिला हलवलं. "खाला, झोपू नकोस. माझ्याशी बोल." ती म्हणाली, "मी केव्हाची बोलतेय. तू बोल. इतके महिने काय गिळून बसली आहेस ते बोल."

आणि मी बोलले. मांडीभर पाण्यात, धुक्याला तोंड करून. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. खालानं सगळं ऐकलं. मी मधे थांबले तेव्हा "मग?" एवढंच म्हणाली. संपल्यावर बादली एकदा वाजवली आणि विचारलं, "त्या माणसाला सांगितलंस?" मी म्हणाले, नाही. "मग मला कशाला सांगतेस? मी बुडाले की तुझं गुपित माझ्याबरोबर जाईल, म्हणून?" ती कुशीत तशीच कुडकुडत होती, माझा दंड तसाच धरलेला होता, पण सांत्वनाचा एक शब्द तिनं उच्चारला नाही.

पाणी माझ्या कमरेला आणि तिच्या छातीला आलं तेव्हा होडीच्या बांबूचा आवाज आला. हाजी होडी ढकलत आले, दोन्ही बाजूंना बघत, अगदी सावकाश, बाजारात जावं तसे. आम्हाला पाहून त्यांनी बांबू रोवला. "बहिणी, बादली सोड आता," म्हणाले, "कानठळ्या बसल्या." खालानं त्यांना अशी शिवी दिली की इथे लिहिता येणार नाही. मग ती रडली.

तिला आठ दिवस ताप होता. आता बरी आहे, काठी घेऊन चालते आणि काठीनंच कोंबड्यांना शिस्त लावते. माझ्यावर ती रागावलेली नाही, पण रोज सकाळी शेगडीपाशी एकच शब्द विचारते: "लिहिलंस?" मी म्हणते, उद्या. ती चहा ओतते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "लिहिलंस?" असे दिवस गेले, आणि आज मी म्हणाले, लिहिते. आता वाकडी वाट संपली, नूरी.

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, नजीबा नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा फोन आला होता. तुला तो दिवस पाठ असेल. तो धापा टाकत म्हणाला, "तेलघाण्याची गल्ली." आपल्या शहरात त्या नावाच्या दोन गल्ल्या आहेत, एक स्टेशनजवळ, एक वेशीजवळ. हे त्यालाही माहीत होतं, म्हणूनच तो पुढे सांगायला गेला, "स्टेशनजवळची..." घड्याळ अडतीसवर होतं. मी "गाडी निघाली आहे" म्हणाले आणि पुढचा फोन घेतला. तो म्हणत होता, स्टेशनजवळची नाही. ते 'नाही' मी कापलं. तुला बिनतारी यंत्रावर मी सांगितलं, स्टेशनजवळची तेलघाण्याची गल्ली. तू तेच ऐकलंस आणि तिथेच गेलास. तुझ्याबरोबरचा परिचारक मागे सामान काढत होता, त्यानं काहीच ऐकलं नव्हतं, आणि संभाषण टिपून ठेवणारं यंत्र दोन महिने बंद पडलेलं होतं. तू वेशीजवळ पोचलास तेव्हा सतरा मिनिटं गेली होती. ती बाई बत्तीस वर्षांची होती.

ती गेल्याची बातमी आली तेव्हा माझी पाळी संपायला दहा मिनिटं होती. मी त्या फोनची चिठ्ठी काढली, फाडली, आणि नवी लिहिली. तिच्यावर लिहिलं, वेशीजवळची. त्या क्षणी मी काहीही ठरवलेलं नव्हतं, फक्त घाबरले होते. पण चौकशीच्या वेळी मी घाबरलेली नव्हते, चांगले तीन आठवडे विचार केला होता, आणि तरी गप्प राहिले. त्यांनी तुझ्यापुढे ती चिठ्ठी ठेवली. तू ती वाचलीस, माझ्याकडे पाहिलंस. मी चिठ्ठीकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मला वाटलं तू माझा गळा धरशील. तू म्हणालास, "वसीला, माझ्याच कानांनी घात केला असणार. तू कशाला चुकशील?" त्या वाक्यापासून पळून मी इथे आले. शेगडी, भाकरी, दुपारची झोप हे सगळं त्या वाक्याच्या पाठीवर उभं होतं. तुझी बायको हयात मला हिवाळ्यात फोनवर म्हणाली होती की तुझी गाडी काढून घेऊन तुला गोदामात बसवलंय, तू दोनदा कान तपासून आलास, डॉक्टर काही दोष नाही म्हणाले तरी तुला पटलं नाही, आणि आता तू स्वतःच्या मुलींनाही गाडीतून नेत नाहीस. मी तिला म्हणाले, होईल सगळं ठीक. आणि फोन ठेवून चहा प्यायले.

तुझे कान ठीक आहेत, नूरी. तू बरोबर ऐकलंस. मी चूक सांगितलं आणि मग खोटं लिहिलं. हे एवढंच सांगायला पत्र लिहिलं, आणि तिथवर यायला इतकी पानं लागली. हेच मी काल चौकशी समितीला लिहून, सही करून, पोचपावतीच्या टपालानं पाठवलं आहे. आधी ते पाठवलं आणि मग तुला लिहायला बसले, कारण मला माझा भरवसा नाही, हे पत्र टाकायचं मी पुन्हा उद्यावर ढकललं असतं. मंगळवारी मी शहरात येते आहे. पुढे काय होईल ते माहीत नाही. नोकरी नाही म्हणजे काढून टाकायला काही नाही, पण खटला होऊ शकतो, तुरुंगही होऊ शकतो, आणि मला त्याची फार भीती वाटते. कचेरीत जाण्याआधी मी नजीबाच्या नवऱ्याकडे जाणार आहे, वेशीजवळच्या गल्लीत. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. त्याला त्या दिवशी जे सांगायचं होतं ते आधी पुरं सांगू देईन, आणि तो थांबला की विचारेन, काही राहिलं का. तुझ्याकडे यायची हिंमत माझ्यात नाही आणि तू बोलवावंस असा माझा हक्कही नाही. तू फक्त एक कर. हे पत्र मिळेल त्या दिवशी मुलींना गाडीत बसव आणि कुठेतरी लांब, रमतगमत फिरवून आण.

माफी न मागता, कारण ती मागणंही घाई होईल,

तुझीच,
वसीला